प्याल्याबाहेरचे मद्य

बाराव्या शतकातल्या एका लॅटिन हस्तलिखितात एक चमत्कारिक कृती आहे. ‘मापाए क्लाविक्युला’ हे त्या ग्रंथाचे नाव. धातूवर मुलामा कसा द्यावा, रंग कसे बनवावेत, असल्या कारागिरीच्या शेकडो कृती त्यात आहेत. या एका कृतीत मात्र मधूनच काही अर्थहीन शब्द येतात. लेखकाने त्या शब्दांतल्या प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतले पुढचे अक्षर लिहून ठेवले आहे. अक्षरे एकेक घर मागे सरकवली की ‘वाइन’, ‘भाग’ आणि ‘मीठ’ हे शब्द हाती लागतात. कृतीचा आशय असा: शुद्ध आणि कडक वाइन मिठाबरोबर भांड्यात तापवली की त्यातून असे पाणी निघते, जे पेट घेते, पण ज्या वस्तूवर ते पेटते ती वस्तू मात्र जळत नाही.

पाण्यासारखे दिसणारे आणि तरीही पेटणारे द्रव्य! ते कसे काढायचे हे सांकेतिक लिपीत लपवावेसे वाटले, यात नवल नाही. या द्रवाला आधी ‘आक्वा आर्डेन्स’ म्हणजे जळते पाणी म्हणत, मग ‘आक्वा व्हिटाए’ म्हणजे जीवनजल. इंग्रजीत रूढ झालेले नाव होते ‘स्पिरिट ऑफ वाइन’. वाइन तापवल्यावर तिच्यातून वाफेच्या रूपाने उडून जाणारा तिचा प्राण, अशी त्यामागची कल्पना. एकोणिसाव्या शतकातले रसायनशास्त्रज्ञ, औषधविक्रेते आणि संग्रहालयांचे व्यवस्थापक हेच नाव वापरत. औषधाच्या चिठ्ठ्यांत त्याचे संक्षिप्त रूप ‘एस. व्ही. आर.’ असे लिहिले जाई: स्पिरिटस व्हायनाय रेक्टिफिकेटस, म्हणजे पुन्हा पुन्हा शुद्ध केलेले वाइनचे स्पिरिट. आज आपण त्याला इथेनॉल किंवा मद्यार्क म्हणतो.

या द्रवाच्या पिण्याच्या कथा आपल्याला ठाऊक असतात. तो न पिता माणसाने त्याचे काय काय केले, ती कथा अधिक लांबरुंद आहे. आणि पिण्याचा व न पिण्याचा मद्यार्क एकच असल्यामुळे सरकारे आणि न्यायालये यांची जी तारांबळ उडाली, ती आजही संपलेली नाही.

वाफ धरून ठेवण्याची युक्ती

फळांचा रस किंवा धान्याची पेज आंबवून मद्य करणे ही फार प्राचीन विद्या. पण आंबवून मिळणाऱ्या मद्याला मर्यादा असते. साखरेचा मद्यार्क करणारे यीस्ट स्वतःच तयार केलेल्या मद्यार्काने साधारण १५ टक्क्यांच्या आसपास निष्प्रभ होते. त्यापुढे जायचे तर ऊर्ध्वपातन हाच मार्ग. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो आणि पाणी १०० अंशांना. म्हणून वाइन हळूहळू तापवली की आधी उठणाऱ्या वाफेत मद्यार्काचे प्रमाण जास्त असते. ती वाफ थंड करून गोळा केली की झाले.

सांगायला सोपी वाटणारी ही गोष्ट करायला अवघड होती. गुलाबपाणी काढण्याची यंत्रे अरब जगात आधीपासून होती, पण त्यांचे टोपण हवेनेच थंड होई. मद्यार्काची वाफ एवढ्याने धड निवत नाही. ती निसटून जाते. तेराव्या शतकात बोलोन्या विद्यापीठातला वैद्य ताद्देओ आल्देरोत्ती याने वाफेची नळी नागमोडी वळवून थंड पाण्यातून नेण्याची रचना लिहून ठेवली. पाणी सतत बदलत राहायचे आणि निघालेला द्रव पुन्हा पुन्हा यंत्रात घालायचा. दर फेरीला स्पिरिट अधिक तीव्र होत जाई.

मात्र फेऱ्या कितीही केल्या तरी शंभर टक्के शुद्ध मद्यार्क मिळत नसे. वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांवर मद्यार्क आणि पाणी एकत्रच उकळू लागतात आणि वाफेतले त्यांचे प्रमाण बदलेनासे होते. उरलेले पाणी काढायला ते शोषणारा पदार्थ लागतो. १७९६ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये टोबियास लोविट्झ याने असा जवळजवळ निर्जल मद्यार्क मिळवला, तेव्हा जळत्या पाण्याची कृती सहा शतकांहून जुनी झाली होती.

सुरुवातीला हे द्रव्य औषध होते. फ्रान्सिस्कन संन्यासी जाँ द रोकतायाद याला त्याच्या भविष्यवाण्यांमुळे पोपच्या आव्हिन्यों शहरात कैदेत टाकले होते. प्लेगने युरोपची दाणादाण उडाल्यानंतर दोन-तीन वर्षांतच, १३५१-५२ च्या सुमारास, त्याने तुरुंगात एक ग्रंथ लिहिला. पृथ्वी, आप, तेज, वायू या चार तत्त्वांपलीकडचे न कुजणारे पाचवे तत्त्व म्हणजे हे जळते पाणी, असे त्याचे प्रतिपादन होते. पुराव्यादाखल त्याने सांगितले की यात मांस ठेवले तर सडत नाही. मग माणसाचे शरीर यामुळे का टिकू नये? अनुमान चुकीचे होते, पण निरीक्षण पक्के होते, आणि तीनशे वर्षांनी तेच विज्ञानाच्या कामी आले.

स्ट्रासबर्गचा शल्यवैद्य हिरोनिमस ब्रुन्शविग याने १५०० साली ऊर्ध्वपातनावर ग्रंथ छापला आणि मठांतली विद्या बाजारात आली. स्कॉटलंडच्या राजदरबाराच्या १४९४ सालच्या हिशेबात फ्रायर जॉन कॉर या संन्याशाला आक्वा व्हिटाए करण्यासाठी आठ बोल माल्ट दिल्याची नोंद आहे. ‘बोल’ हे तिथले धान्याचे जुने माप. व्हिस्कीच्या इतिहासात ही नोंद नेहमी दाखवली जाते. तिच्याइतकीच बोलकी दुसरी नोंद १५०५ ची आहे. त्या वर्षी एडिनबरा शहरात आक्वा व्हिटाए बनवण्याचा आणि विकण्याचा एकाधिकार मिळाला तो न्हावी-शल्यवैद्यांच्या संघाला. तो माल तेव्हा गुत्त्यापेक्षा दवाखान्याचा मानला जाई, हे यावरून कळते.

या काळात ‘अल्कोहोल’ या शब्दाचा मद्याशी संबंध नव्हता. अरबीत ‘अल्-कुहल’ म्हणजे डोळ्यांत घालायच्या सुरम्याची अतिशय बारीक पूड. त्यावरून कुठल्याही पदार्थाच्या सूक्ष्म सारालाच युरोपातले किमयागार अल्कोहोल म्हणू लागले. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने वाइनच्या साराला ‘अल्कोहोल व्हिनी’ म्हटले आणि पुढे ‘व्हिनी’ गळून पडले.

विरघळवणारे स्पिरिट

मद्यार्काचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो पाण्याशीही जमवून घेतो आणि तेलकट द्रव्यांशीही. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे, दुसरे तेलासारखे. त्यामुळे पाण्यात न विरघळणारी सुगंधी तेले, राळ, झाडांच्या सालींतली औषधी द्रव्ये त्यात उतरतात. औषधांची टिंक्चरे निघाली ती या गुणामुळे. आपल्या घरांत गुडघा खरचटला की लावले जाणारे झोंबणारे टिंक्चर आयोडीन हे मद्यार्कातले आयोडीनच. आयोडीन पाण्यात फारसे विरघळत नाही, मद्यार्कात सहज विरघळते.

आयुर्वेदाने हेच काम वेगळ्या वाटेने केले. द्राक्षासव, कुमारी आसव, अशोकारिष्ट यांत बाहेरून मद्यार्क घालत नाहीत. औषधी काढा किंवा रस, गूळ किंवा मध आणि आंबवणासाठी बहुधा धायटीची फुले असे मिश्रण बंद भांड्यात ठेवतात. त्यातच साधारण ५ ते १० टक्के मद्यार्क तयार होतो. वनस्पतींतले गुण उतरवून घेणे आणि औषध टिकवणे, ही दोन्ही कामे तोच करतो.

सुगंधाच्या व्यवसायात दोन परंपरांची फारकत स्पष्ट दिसते. कनौजचे अत्तरवाले देगेतल्या फुलांची वाफ भपक्यातल्या चंदनाच्या तेलात उतरवतात. तिथे मद्यार्काचा संबंध येत नाही. अत्तर म्हणूनच अंगावर तासन्‌तास रेंगाळते. युरोपने सुगंधी तेले स्पिरिटमध्ये विरघळवली. योहान मारिया फारिना या इटालियन व्यापाऱ्याच्या घराण्याने १७०९ साली कोलोन शहरात पेढी काढली. तिथे तयार झालेले ‘कोलोनचे पाणी’ म्हणजे ओ-द-कलोन. ते अंगावर पडताच मद्यार्क उडून जातो, गारवा लागतो आणि वास एकदम पसरतो. तापात कपाळावर ओ-द-कलोनची पट्टी ठेवण्याची आपल्याकडची जुनी रीत याच गारव्यासाठी होती.

लाकूडकामात तर या द्रवाची भारताशीच गाठ पडली. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जे राळेसारखे आवरण करतात, त्यापासून लाख मिळते. ती पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. लाखेचे पातळ पापुद्रे, म्हणजे चपडा, स्पिरिटमध्ये भिजत घालायचा आणि कापसाच्या बोळ्याने लाकडावर थरावर थर चढवायचे. स्पिरिट उडून जाते, लाखेचा चकाकता पापुद्रा उरतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे तंत्र ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणून युरोपभर गाजले. पॅरिसच्या दिवाणखान्यातली ती झळाळी भारतातल्या जंगलांतून जाणाऱ्या लाखेची होती. आपल्याकडचे जुन्या धाटणीचे पॉलिशवाले अजूनही सागवानी कपाटावर हाच हात फिरवतात.

न गोठणारे स्पिरिट

गॅलिलिओच्या काळी उष्णतेचा चढउतार दाखवणारी उपकरणे होती, पण ती वरून उघडी असत. त्यामुळे हवेचा दाब बदलला तरी पातळी हलायची. टस्कनीचा ग्रँड ड्यूक फर्दिनांदो दुसरा याने १६५४ च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये वेगळे उपकरण करवून घेतले. काचेच्या नळीत स्पिरिट ऑफ वाइन भरून वरचे टोक वितळवून बंद केलेले. आता दाबाचा प्रश्न उरला नाही. पातळी हलली तर ती उष्णतेमुळेच. अशी उपकरणे वेगवेगळ्या शहरांतल्या मठांना पाठवून रोजच्या नोंदी ठेवण्याचे कामही त्याने सुरू करवले. हवामानाच्या पद्धतशीर नोंदींचा हा पहिल्या प्रयत्नांपैकी एक.

१७३० साली फ्रान्समध्ये रेओम्यूरने आपली मोजपट्टीच या द्रवावर बेतली. पाणी गोठते त्या तापमानाला ज्याचे १००० भाग भरतात आणि पाणी उकळते तेव्हा १०८० होतात, इतक्या तीव्रतेचे स्पिरिट त्याने निवडले. रेओम्यूरच्या मापनात पाण्याचा उत्कलनबिंदू ८० अंश का, याचे उत्तर हे. पुढे नेमकेपणासाठी पाऱ्याने बाजी मारली. पण पारा उणे ३९ अंशांच्या आसपास गोठतो आणि मद्यार्क उणे ११४ ला. म्हणून ध्रुवप्रदेशात जाणाऱ्यांच्या सामानात स्पिरिटचे तापमापक असावेच लागत.

गवंड्याच्या हातातली पाणसळही याच कुटुंबातली. फ्रेंच विद्वान मेल्शिसेदेक तेव्हनो याने १६६१ च्या सुमारास काचेच्या नळीत बुडबुडा ठेवून पातळी पाहण्याचे साधन केले. आत मद्यार्क घातला की तो थंडीत गोठत नाही आणि बुडबुडा काचेला न चिकटता चटकन सरकतो. इंग्रजीत तिचे नाव ‘स्पिरिट लेव्हल’ पडले ते यामुळेच.

कुजू न देणारे स्पिरिट

तुरुंगातल्या संन्याशाने मांस न सडण्याबद्दल जे लिहिले होते, त्याची शास्त्रीय उजळणी लंडनच्या रॉयल सोसायटीत झाली. १६६२ साली विल्यम क्रून याने स्पिरिट ऑफ वाइनमध्ये ठेवलेले कुत्र्याच्या पिल्लांचे गर्भ सभेपुढे मांडले. चार वर्षांनी रॉबर्ट बॉइलने अंड्यातली वाढती पिल्ले या रीतीने कशी टिकवावीत हे सोसायटीच्या नियतकालिकात छापले. तोवर शरीरशास्त्र म्हणजे हिवाळ्यात, घाईने, कुजण्याआधी उरकायचे काम होते. आता तोच नमुना दहा वर्षांनी दुसऱ्या देशातला अभ्यासक पुन्हा तपासू शकत होता. प्राण्यांचे वर्गीकरण, भ्रूणशास्त्र, तुलनात्मक शरीररचना ही शास्त्रे या बरण्यांच्या आधाराने वाढली.

बीगल जहाजावर १८३१ ते १८३६ या प्रवासात डार्विन स्पिरिट ऑफ वाइनमधल्या प्राण्यांची वेगळी यादी ठेवत असे. त्याच्या बरण्यांपैकी काही आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. तिथल्या ‘स्पिरिट कलेक्शन’मध्ये दोन कोटींहून अधिक नमुने आहेत.

मुंबईतही निसर्गशास्त्राची आणि मद्याच्या व्यापाराची गाठ पडली. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिच्याकडे स्वतःची जागा नव्हती. जानेवारी १८८४ मध्ये फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या कचेरीतली खोली देऊन तिची अडचण दूर केली ती हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन यांनी. त्यांचा धंदा वाइन आयात करून विकण्याचा. पुढे वीस वर्षे ते संस्थेचे मानद सचिव होते.

कुजू न देण्याच्या या गुणाची सर्वांत गाजलेली कथा मात्र समुद्रावरची आहे. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रॅफल्गारच्या लढाईत ब्रिटिश नौसेनापती नेल्सन मारला गेला. समुद्रात मरण आले की समुद्रातच विसर्जन हा खलाशांचा रिवाज; पण नेल्सनला मायदेशी न्यायचे होते. जहाजावरचा शल्यवैद्य विल्यम बीटी याने शव पिंपात ठेवून त्यात ब्रँडी भरली. जिब्राल्टरला पोचल्यावर स्पिरिट ऑफ वाइन मिळाले, ते ब्रँडीत मिसळले. डिसेंबरात जहाज इंग्लंडला लागले आणि ९ जानेवारी १८०६ रोजी सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये दफन झाले. खलाशांनी वाटेत पिंपाला भोक पाडून ती ब्रँडी प्यायली, ही अफवा तेव्हापासून चालत आली आहे. बीटीच्या वृत्तांतात तिला आधार नाही. बीटीने जे केले ते आजच्या जाणकारालाही पटेल: निव्वळ ब्रँडी पुरेशी तीव्र नव्हती, म्हणून तिची तीव्रता वाढवली.

जंतू मारताना मात्र तीव्रता वाढवण्यालाही एक हद्द असते. मद्यार्क जंतूंची प्रथिने गोठवतो आणि त्यांची आवरणे मोडतो, पण त्यासाठी थोडे पाणी लागते. जवळजवळ शुद्ध मद्यार्क जंतूच्या बाहेरच्या थराला इतक्या झटकन सुकवतो की आत शिरायला वावच राहत नाही. हॅरिंग्टन आणि वॉकर या अमेरिकी संशोधकांनी १९०३ साली दाखवले की ६० ते ७० टक्क्यांचा मद्यार्क सर्वांत परिणामकारक ठरतो. २०२० साली कोरोनाच्या साथीत भारतातल्या साखर कारखान्यांच्या आणि मद्य कंपन्यांच्या आसवन्यांना सॅनिटायझर बनवण्याची परवानगी मिळाली. त्या बाटल्यांवरचा ७० किंवा ८० चा आकडा या संशोधनाच्याच वंशातला.

बंदुकीची दारू आणि करवसुली

एवढ्या कामांना लागणारा पदार्थ आणि त्यावर सरकारचा कर. कर तीव्रतेप्रमाणे घ्यायचा तर तीव्रता मोजायची कशी? इंग्लंडात जुनी पद्धत अशी होती की बंदुकीची दारू स्पिरिटमध्ये भिजवायची आणि पेटवायची. स्पिरिट जळून गेल्यावर दारूने भडका घेतला तर माल कसोटीला उतरला, नुसता धूर झाला तर त्यात पाणी फार. या कसोटीला ‘प्रूफ’ म्हणत. पण स्पिरिट किती ओतले यावर निकाल बदलायचा, त्यामुळे व्यापारी आणि करअधिकारी दोघेही तक्रार करत.

अखेर संसदेने १८१६ साली बार्थोलोम्यू साइक्स याच्या तरंगकाट्याला कायदेशीर मान्यता दिली. मद्यार्क पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे स्पिरिट जितके तीव्र, तितका काटा खोल बुडतो. या हिशेबाने शंभर प्रूफ म्हणजे घनफळाने सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क ठरला.

हा आकडा ब्रिटिश अबकारी कायद्यांबरोबर भारतात आला आणि इथेच राहिला. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की, रम आणि ब्रँडीच्या बाटल्यांवर ‘४२.८ टक्के’ असे छापलेले असते. इतर देशांत सरळ ४० असताना आपल्याकडे हा विचित्र अपूर्णांक का? कारण ५७.१ चे तीन चतुर्थांश म्हणजे ४२.८. जुन्या भाषेत हे ‘७५ अंश प्रूफ’ किंवा ‘२५ अंश अंडर प्रूफ’. बंदुकीच्या दारूची ती चाचणी विस्मृतीत गेली, तिचा गुणाकार मात्र आपल्या लेबलांवर छापला जातो.

मापन सुटले तरी खरी अडचण शिल्लक होती. पिणाऱ्यावर बसवलेला कर पॉलिशवाल्याला, रंगवाल्याला आणि संशोधकालाही भरावा लागे. त्याचे परिणाम कुठवर जातात हे अमेरिकेत दिसले. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मद्यार्क आणि टर्पेंटाइन यांचे मिश्रण घरोघरी दिव्यांत जळत होते. यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६२ पासून मद्यार्कावर कर बसला आणि १८६५ पर्यंत तो गॅलनमागे दोन डॉलरवर गेला. दिव्यातले मद्यार्काचे मिश्रण परवडेनासे झाले आणि नुकत्याच आलेल्या केरोसिनचे फावले.

ब्रिटनने १८५५ साली तोडगा काढला. स्पिरिटच्या नऊ भागांत एक भाग लाकडापासून निघणारा नॅफ्था मिसळायचा, म्हणजे ते पिण्यालायक राहणार नाही. मग त्यावर कर नाही. हे ‘मेथिलेटेड स्पिरिट’. पुढे त्यात घाण वासाची द्रव्ये आणि रंगही घातले गेले. आपल्याकडे स्टोव्हचा काकडा ज्यात बुडवत, ते निळसर-जांभळे स्पिरिट या कायद्याचेच वारसदार.

लाकडाच्या नॅफ्थ्यातला मुख्य पदार्थ मिथेनॉल. दिसायला, वासाला आणि सुरुवातीच्या नशेला तो इथेनॉलसारखाच. पण यकृतात त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते आणि रक्त आम्लधर्मी करते. थोड्याशा मात्रेने दृष्टी जाते, जरा अधिकाने जीव. दारूबंदीच्या काळात, १९२७ पासून, अमेरिकी सरकारने औद्योगिक मद्यार्कातले मिथेनॉलचे प्रमाण आणखी वाढवले, जेणेकरून लोक तो चोरून पिणार नाहीत. लोक पीत राहिले आणि मरत राहिले. न्यूयॉर्कचे मुख्य वैद्यकीय परीक्षक चार्ल्स नॉरिस यांनी या धोरणाचा जाहीर निषेध केला. मुंबईत मालवणी इथे जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने गेली, तेव्हाही घात मिथेनॉलनेच केला होता.

या विषावर रुग्णालयांत एक जुना उतारा वापरला जातो, तो म्हणजे शुद्ध इथेनॉल. यकृतातले जे विकर मिथेनॉलचे विष करते, ते इथेनॉलला अधिक जवळचे मानते. म्हणून रक्तात इथेनॉलची ठरावीक पातळी राखली की मिथेनॉल तसेच पडून राहते आणि हळूहळू शरीराबाहेर जाते. हे काम फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मापून, रक्ततपासणी करत करायचे असते. घरी दारू पाजून नव्हे.

एकच द्रव, दोन कायदे

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्याच्या व्याख्येत मद्यार्क असलेले जवळजवळ सगळे द्रव आणले. एफ. एन. बलसारा यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा त्यांच्या यादीत व्हिस्की, ब्रँडी आणि बिअर यांच्याबरोबर औषधी वाइन आणि ओ-द-कलोनही होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली दारूबंदीचा मूळ गाभा कायम ठेवला. मात्र मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्या वापराला लागू होणाऱ्या तरतुदी रद्द केल्या. कपाळावरच्या पट्टीला आणि खोकल्याच्या औषधाला घटनेचे संरक्षण मिळाले.

वाद तिथे मिटला नाही. उसाच्या मळीपासून निघणारा मद्यार्क रसायने, औषधे, रंग आणि आता पेट्रोलमध्ये जातो. महाराष्ट्रातल्या कित्येक साखर कारखान्यांचा हिशेब त्यावर उभा आहे. मग या औद्योगिक मद्यार्कावर नियंत्रण कोणाचे? राज्यघटनेने ‘मादक मद्य’ हा विषय राज्यांकडे दिला आहे. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की जे पिण्यायोग्य तेच मादक मद्य. बाकीच्यावर राज्यांचा हक्क नाही. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, आठ विरुद्ध एक अशा बहुमताने, तो निकाल फिरवला. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालानुसार मादक मद्य या शब्दांत औद्योगिक मद्यार्कही येतो, कारण तो वळवून लोकांच्या जिवाशी खेळ होऊ शकतो. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांचे मत वेगळे होते: केवळ गैरवापराच्या शक्यतेने औद्योगिक वस्तू मद्य ठरत नाही.

माझ्या मते दोन्ही बाजूंना इतिहासाचा आधार सापडतो. १८६२ नंतरच्या अमेरिकेने दाखवले की सरसकट सगळ्या मद्यार्कावर लावलेला कर उद्योगाचा गळा घोटू शकतो. मालवणीने दाखवले की उद्योगाच्या नावाखाली सैल सोडलेला द्रव वस्त्यांत शिरतो. पिण्याच्या आणि उद्योगाच्या इथेनॉलमध्ये रसायनशास्त्राला फरक करता येत नाही, म्हणून तो फरक कागदावर, पावत्यांवर आणि टाकीच्या कुलपावर करावा लागतो. कायदा कितीही चांगला असला तरी त्याची खरी परीक्षा इथेनॉल कुठून कुठे गेले याच्या नोंदीत होते, आणि मिथेनॉलच्या बाबतीत तर ती नोंद अधिक काटेकोर हवी.

वाचकाने आपल्यापुरते दोन नियम पाळावेत. हार्डवेअरच्या दुकानातले पॉलिशचे स्पिरिट त्वचेवर, जखमेवर किंवा सॅनिटायझर म्हणून वापरू नये. त्यात मिथेनॉल असण्याची शक्यता धरूनच चालावे. आणि सॅनिटायझर घेताना बाटलीवर ‘इथेनॉल’ किंवा ‘आयसोप्रोपिल अल्कोहोल’ असे घटकाचे नाव आणि त्याचे टक्के छापलेले नसतील, तर ती बाटली दुकानातच ठेवून यावे.